परदेशी पालकांसाठी जर्मनीचे किंडरगेल्ड : सेवा चोख, पण उशिराला क्षमा नाही

जर्मनीत राहणाऱ्या पालकांना मुलांच्या संगोपनासाठी सरकारकडून दरमहा मिळणारी रक्कम म्हणजे किंडरगेल्ड. २०२५ मध्ये ती प्रत्येक मुलामागे २५५ युरो होती, जानेवारी २०२६ पासून २५९ युरो झाली आहे. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत आणि शिक्षण चालू असल्यास २५ वर्षांपर्यंत ती मिळते. पालकांच्या पगाराची अट नाही. हे पैसे फामिलिएनकासे नावाचे कार्यालय देते, जे केंद्रीय श्रम संस्थेचाच एक भाग आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या पालकाच्या दृष्टीने या सेवेला मी पाचपैकी चार तारे देईन. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

आधी नियमांविषयी, कारण आपल्या लोकांमध्ये फिरणारी बरीचशी माहिती जुनी आहे. कुशल कामगारांसाठीचा नवा स्थलांतर कायदा १ मार्च २०२० रोजी लागू झाला आणि त्याच दिवसापासून किंडरगेल्डच्या नियमांतील परदेशी नागरिकांविषयीचे कलमही बदलले. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, आणि कंपनीअंतर्गत बदलीवर येणाऱ्यांचे आयसीटी कार्ड यांचा त्यात आता नावानिशी उल्लेख आहे. इतर निवास परवान्यांसाठी, किमान सहा महिने नोकरी करण्याची मुभा देणारा परवाना ही मुख्य अट आहे. ब्लू कार्डवाल्यांना प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही. खरा फायदा झाला तो कुटुंबासह शिकायला आलेल्यांचा. पूर्वी शिक्षणासाठीचा परवाना असला की दार बंदच होते. आता असा विद्यार्थी परवान्याच्या मर्यादेत नोकरी करत असेल, तर त्यालाही हक्क मिळतो. ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळण्यासाठी, किंवा हंगामी कामासाठी आलेले मात्र अजूनही बाहेरच आहेत.

आणि तरीही अनेक मराठी घरांत अर्ज भरलाच जात नाही, याचे कारण भीती हे आहे. लंडनला राहणारा मावसभाऊ फोनवर बजावतो, ‘सरकारी पैसे घेऊ नका, व्हिसा जाईल.’ त्याच्यापुरते त्याचे म्हणणे अगदी बरोबर असते. ब्रिटनमध्ये बहुतेक व्हिसांवर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई असते आणि तिथला मुलांचा भत्ता त्या निधीत मोडतो. जर्मनीच्या निवास कायद्यात नेमके उलटे आहे. परदेशी माणूस स्वतःचा खर्च स्वतः भागवतो की नाही हे तपासताना किंडरगेल्ड सार्वजनिक मदत म्हणून धरू नये, असे तिथल्या कलमातच लिहिलेले आहे. त्यामुळे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना ही रक्कम आडवी येत नाही. लंडनचा सल्ला श्टुटगार्टमध्ये चालवून हजारो युरोंवर पाणी सोडणारी शिकलीसवरलेली माणसे पाहिली की नवल वाटते.

आता अर्जाकडे वळू. मुख्य फॉर्म आणि प्रत्येक मुलासाठी एक पुरवणी, एवढाच पसारा आहे आणि हे सर्व ऑनलाइन भरता येते. अर्जदाराचा आणि मुलाचा अकरा अंकी कर क्रमांक लागतो. मुलाचा क्रमांक पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, झाल्यानंतर टपालाने घरी येतो. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून देऊ नये. आपल्याकडची खरी अडचण नावाच्या रकान्यात येते. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव असेल, तर नोंदणीत ते तिचे दुसरे नाव म्हणून चढते, मग घरी आणि शाळेत तिला कुणी त्या नावाने हाक मारो वा न मारो. फॉर्मवर नोंदणीच्या कागदाप्रमाणेच अक्षर न् अक्षर लिहावे, म्हणजे पुढचा पत्रव्यवहार वाचतो. आईवडील एकत्र राहत असतील तर पैसे दोघांपैकी कोणी घ्यायचे हे ठरवून दुसऱ्यानेही सही करायची असते. माहितीपत्रक इंग्रजीत मिळते. निर्णयाचे पत्र मात्र जर्मनमध्ये येते. पैसे महिन्याच्या कोणत्या दिवशी जमा होणार, हे किंडरगेल्ड क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर ठरते : शून्य असेल तर महिन्याच्या सुरुवातीला, नऊ असेल तर अखेरीकडे. ही शिस्त मला मनापासून आवडते.

एक तारा कापला तो सहा महिन्यांच्या नियमासाठी. अर्ज ज्या महिन्यात पोहोचतो, त्याच्या मागच्या फक्त सहा महिन्यांचे पैसे मिळतात. कुटुंब येऊन वर्ष झाल्यावर अर्ज केला, तर आजच्या दराने एका मुलामागे १,५५४ युरो हातचे जातात, आणि दोन मुले असतील तर त्याच्या दुप्पट. नवख्या माणसाचे पहिले वर्ष घर शोधण्यात, शाळा मिळवण्यात आणि भाषेशी झुंजण्यात जाते हे पाहता, ही मुदत त्यालाच सर्वाधिक जाचते. तेव्हा मुलाचा कर क्रमांक हाती आला की त्याच आठवड्यात अर्ज टाकावा.

अर्ज भरून देण्याचे शुल्क घेणारे सल्लागारही आता बरेच झाले आहेत. त्यांपैकी एकाने आमच्या ओळखीच्या ब्लू कार्डधारक कुटुंबाला ‘आधी पंधरा महिने वास्तव्य पूर्ण करा’ असे सांगितले. ती अट काही मानवतावादी, म्हणजे संकटातून आश्रयाला आलेल्यांना मिळणाऱ्या, परवान्यांच्या संदर्भातली आहे. ब्लू कार्डशी तिचा काडीचाही संबंध नाही. अर्ज करण्यास एक सेंटही लागत नाही, त्यामुळे या दुकानदारीची गरज मला दिसत नाही.

महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी २०२४ मध्ये करार झाला. त्या वाटेने येणाऱ्यांपैकी अनेक जण आधी एकटे येतील, म्हणून एक बाब स्पष्ट सांगतो. मुले पुण्यात किंवा नाशकात आजीआजोबांकडे राहत असतील, तर त्या काळाचे किंडरगेल्ड भारतीय नागरिकाला मिळत नाही. मूल जर्मनीत किंवा युरोपीय संघाच्या परिसरात राहत असावे लागते. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, पण तो निवृत्तिवेतनासंबंधी आहे. मुलांच्या भत्त्यासाठी त्याचा आधार घेता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना गावी नेल्याने हक्क बुडत नाही.

परवान्याची मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्यापूर्वीच करावा आणि त्याची पावती म्हणून मिळणारे तात्पुरते प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण निर्णय होईपर्यंत जुना परवाना त्याच्या आधारे चालू समजला जातो. कायमचे भारतात परतताना फामिलिएनकासेला स्वतःहून कळवावे लागते. न कळवता खात्यात जमा होत राहिलेली रक्कम नंतर परत मागितली जाते.