लॅन्सेअर 360 सेकंडहँड घेतलं, काही महिने उडवल्यानंतरचा अनुभव

विमान घेऊन आता बरेच महिने झाले, कडक उन्हाळाही त्यात गेला आणि थंडीही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. याआधी मी क्लबचं सेसना 172 भाड्याने उडवायचे. लॅन्सेअर 360 म्हणजे किटवरून घरी बांधलेलं फायबरचं टू-सीटर, चाकं आत जाणारं, पुढे लायकमिंगचं 180 हॉर्सपॉवरचं इंजिन. मी ते बांधलेलं नाही, बांधलेलं विकत घेतलंय, आणि सगळं त्याच बाजूने लिहितेय कारण दुसऱ्या मालकाच्या अडचणी वेगळ्याच असतात आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

आधी स्पीड, कारण सगळे तेच विचारतात. स्पीड खरा आहे. 8,000 फुटांवर तासाला साधारण 9 गॅलन इंधनात आमचं विमान 190 नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास जातं, तेवढ्याच इंधनात 172 मध्ये 120 मिळाले तरी मी खूश असायचे. यात जादू काही नाही. 172 चा पंख 174 चौरस फूट आणि याचा फक्त 76, चाकं पोटात, अंगावर एकही रिव्हेट नाही, हवेला अडवायला काही ठेवलंच नाहीये. पण पंख छोटा म्हणजे उतरताना पण वेग जास्तच लागणार, आणि ते टाळता येत नाही. सर्टिफाइड, म्हणजे कारखान्यात बनलेल्या सरकारमान्य सिंगल इंजिन विमानांना वर्षानुवर्षं स्टॉल स्पीडची (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाही तो वेग) 61 नॉटची मर्यादा होती, होमबिल्टला तसं बंधन नाही, त्यामुळे प्रत्येक विमानाचा खरा आकडा त्याच्या टेस्ट फ्लाइटच्या नोंदीतच बघायचा. मी फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, 85 नॉट धरते आणि बेस टू फायनल, म्हणजे आधीच्या आडव्या टप्प्यातून त्या सरळ रेषेत वळताना स्पीड आणि अँगल ऑफ अटॅक (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन) सोडून तिसरीकडे बघत नाही. तिथे वळण ओव्हरशूट झालं तर ओढून ताणून जुळवायचं नाही, सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. नाक इतकं हलकं आहे की दोन बोटांनी उडतं, सुरुवातीला हात सीटच्या कडेला टेकवूनच स्टिक धरावी लागते, नाहीतर विमान वर-खाली होत राहतं. आमचं मोठ्या टेलचं आहे, छोट्या टेलवालं याहून नाजूक.

म्हणून ट्रेनिंग. 2012 मध्ये एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात तपास संस्था) होमबिल्टवर मोठा अभ्यास केला होता, त्यात 2011 च्या अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं सध्याच्या मालकाने बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती, आणि काही तर नव्या मालकाच्या पहिल्याच फ्लाइटला पडली. हे वाचल्यावर मी विमान स्वतः घरी आणायचा विचारच सोडला. लॅन्सेअर चांगलं माहीत असलेल्या इन्स्ट्रक्टरला घेऊन गेले, त्यांच्याबरोबर तिथेच उडवलं आणि मग दोघांनी मिळून आणलं. इन्शुरन्सवाल्यांनी तशीही अटच घातली होती, पण नसती घातली तरी मी हेच केलं असतं.

आता खरेदी. यावर जास्त लिहिते कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं. जाहिरातीत लॅन्सेअर 360 लिहिलेलं असतं पण एकासारखं दुसरं नसतं, वायरिंग वेगळी, फ्युएल सिस्टिम वेगळी, कुणी काय वजन वाढवलंय ते वेगळं. तुम्ही मॉडेल नाही, एका माणसाची कित्येक वर्षांची मेहनत विकत घेता, तेव्हा आधी तो माणूस बघा. मी आधी एक विमान बघितलं होतं, रंग एकदम झक्कास, आत नवीन स्क्रीन, आणि बिल्डर लॉग (बांधणीच्या नोंदी) मागितला तर एक पातळ फाइल. पंखाच्या मुळाशी नाण्याने टकटक केलं तर एका ठिकाणी टणक आवाज जाऊन भद्द आवाज आला, म्हणजे आतला थर सुटल्याची शंका, तिथूनच परत फिरले. हे जे घेतलं त्याच्या बिल्डरकडे फोटोंचे अल्बम होते आणि एका खोक्यात इपॉक्सीच्या घट्ट झालेल्या छोट्या वाट्या, प्रत्येक लेअपच्या (फायबरचे थर इपॉक्सीने बसवण्याच्या) वेळी उरलेलं मिश्रण ठेवून दिलेलं, वर तारीख आणि कुठला भाग ते मार्करने लिहिलेलं. स्पारच्या (पंखाचा आतला मुख्य कणा) तारखेची वाटी काढून त्याने माझ्या हातात दिली, नख रोवून बघ म्हणाला. काचेसारखी कडक. मग प्री-बाय, म्हणजे घेण्याआधीची तपासणी करायला फायबर समजणारा मेकॅनिक बाहेरून बोलावला, तो दिवसभर टॉर्च घेऊन गिअरच्या खाचेत डोकं घालून बसला होता. त्याचे पैसे वाचवू नका.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत अमॅच्युअर-बिल्टसाठी निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, तोच 51 टक्क्यांचा नियम. बांधल्याबद्दलचं रिपेअरमन सर्टिफिकेट (त्या विमानाच्या तपासणीवर सही करायचा परवाना) बिल्डरलाच मिळतं, विमान विकलं तरी ते माझ्याकडे येत नाही. पाना-स्क्रू ड्रायव्हर मी हवा तेवढा चालवू शकते, पण दर 12 महिन्यांच्या कंडिशन इन्स्पेक्शनवर (विमानाची पूर्ण तपासणी) सही मी बिल्डरची किंवा ए अँड पी, म्हणजे परवानाधारक विमान मेकॅनिकची घेते. विमानासोबतच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (ते कसं आणि कुठे उडवता येईल याच्या अटी) विमान घेण्याआधीच वाचा, शब्द न् शब्द. आत पाटी आहे की हे विमान हौशी बांधणीचं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही, ती मी प्रत्येक पॅसेंजरला बसायच्या आधी वाचून दाखवते, त्यांना हो-नाही म्हणायचा हक्क आहे.

वापरताना काय काय निघालं ते सांगते. उन्हाळ्यात चढताना मागच्या एका सिलिंडरचं तापमान भराभर वाढायचं, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून बघितलं तर बॅफलची (हवा सिलिंडरकडे वळवणारा पत्रा) रबरी पट्टी एका कोपऱ्यात उलटी दुमडलेली आणि हवा सिलिंडरवरून न जाता तिथून निसटत होती. पट्टी बदलली, प्रश्न मिटला. चाकं हायड्रॉलिकवर चालतात. पंप गेला तर डंप व्हॉल्व्ह (हायड्रॉलिक दाब सोडणारी झडप) उघडून चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात आणि पुढच्या चाकाला वाऱ्याच्या विरुद्ध ढकलायला गॅस स्ट्रट मदत करतो, तो स्ट्रट ढिला पडला तर ऐनवेळी पुढचं चाक अर्धवट राहू शकतं. जॅकवर चढवून हे करून बघणं मी कधीच चुकवणार नाही. इंधन पंखातून पॅनलमागच्या हेडर टँकमध्ये पंपाने भरावं लागतं, म्हणजे ते एक काम सतत डोक्यात. कॅनपी (डोक्यावरचं काचेचं झाकण) पुढे बिजागरी असलेली, टेकऑफआधी लॅच हाताने ओढून बघायचाच. उन्हात जमिनीवर थांबलात तर आत भट्टी होते.

उतरायची तयारी पण लवकर. 7,000 फूट सोडायचे तर मी वीसेक मैल आधीपासून खाली यायला लागते, नाहीतर एअरपोर्ट येतं आणि विमान अजून वरच आणि वेगातच. टायर छोटे, त्यामुळे गवताच्या पट्टीवर मी उतरवत नाही. ज्यांना गवत, छोटी पट्टी, निवांत संध्याकाळ हवी त्यांनी व्हॅन्स कंपनीचं आरव्ही, हेही किटचंच विमान, बघावं, स्पीड थोडा कमी पण खूप माफ करणारं विमान आहे. आम्हाला दोघांना सामान कमी आणि अंतर जास्त, आमचं भागतं. नवऱ्याला आता 172 मध्ये बसवलं तर पोचलो का म्हणून विचारत बसेल.

विकायचा विचार नाही. येत्या इन्स्पेक्शनला गॅस स्ट्रट आणि हेडर टँकचा लेव्हल सेन्सर बदलायचाय, पार्ट मागवलेत, आणि बिल्डर स्वतः येऊन बघून सही करतो म्हणालाय.