एकाच लेन्सवर बेडूक आणि बारसे : मायक्रो-निकॉर १०५ मिमी, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

निकॉनची एएफ-एस व्हीआर मायक्रो-निकॉर १०५ मिमी एफ/२.८जी ही लेन्स मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, वापरलेली आणि नव्या लेन्सच्या साधारण निम्म्या किमतीत घेतली. डी७५० या फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ती चौदा महिने वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. ही लेन्स २००६ साली बाजारात आली. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना ‘मायक्रो’ म्हणते एवढेच, बाकी ती पूर्ण १:१ पर्यंत, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकारात उमटेपर्यंत, जाणारी मॅक्रो लेन्स आहे. माझी गरज दुहेरी होती. पावसाळ्यात आंबोलीला जाऊन बेडूक आणि कीटक टिपायचे आणि उरलेले वर्षभर घरातल्या व नात्यातल्या माणसांचे पोर्ट्रेट काढायचे, आणि या दोन्हींसाठी दोन वेगळ्या लेन्स सोबत वागवण्याची माझी तयारी नव्हती.

मॅक्रो लेन्सने पोर्ट्रेट काढावेत का, असा प्रश्न विचारला की हमखास एक उत्तर मिळते: मॅक्रो लेन्स चेहऱ्यासाठी फार शार्प असते, त्वचेवरचे प्रत्येक छिद्र दिसते. चौदा महिन्यांनंतर मला हा इशारा जवळजवळ निरर्थक वाटतो. आजची कोणतीही चांगली ८५ मिमी लेन्स एफ/४ वर तितकीच शार्प असते. त्वचा खडबडीत दिसते ती बाजूने येणाऱ्या कडक प्रकाशामुळे. त्याच चेहऱ्याला मोठ्या खिडकीसमोर, पातळ पांढऱ्या पडद्याआडून आलेल्या उजेडात बसवले की लेन्सबद्दलची तक्रार आपोआप मिटते. माझ्या ऐंशी ओलांडलेल्या आजीचे फोटो मी या लेन्सने दोन्ही प्रकारच्या प्रकाशात काढले आहेत आणि तिला स्वतःला कडक उन्हातला, सुरकुत्यांनी भरलेला फोटोच अधिक आवडला. अर्थात तो निर्णय तिचा, लेन्सचा नव्हे.

घेण्याआधी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच होता, आणि तो मला नंतर कळला: आपल्याकडे जागा किती आहे? डोक्यापासून छातीपर्यंतच्या उभ्या पोर्ट्रेटमध्ये साधारण ६० सेंमी उंचीचा भाग चौकटीत येतो असे धरले, तर फुल फ्रेमवर १०५ मिमी लेन्सने सुमारे १.८५ मीटर, म्हणजे सहा फुटांवर उभे राहावे लागते. हे अंतर मला आदर्श वाटते. नाक मोठे दिसत नाही, कान मागे जात नाहीत आणि समोरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. पण हीच लेन्स एपीएस-सी या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली की तेवढ्याच चौकटीसाठी २.८ मीटर, म्हणजे नऊ फुटांहून अधिक मागे जावे लागते. माणूस भिंतीपासून तीन फूट पुढे बसवायचा आणि आपल्याला उभे राहायला दोन फूट लागतात, हे धरले तर दहा बाय पंधराचा हॉल छातीपर्यंतच्या फोटोतच संपतो. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो तर विचारूच नका: फुल फ्रेमवर साडेपाच मीटरच्या आसपास आणि एपीएस-सीवर आठ मीटरहून जास्त. आमच्या घरात पूर्ण उंचीचा फोटो मी जिन्याच्या बोळातूनच काढू शकलो, तोही शेजाऱ्यांची चपलांची मांडणी बाजूला करून.

आता एफ/२.८ पोर्ट्रेटसाठी पुरते का, याबद्दल. ८५ मिमी एफ/१.८ माझ्याकडे आधीपासून होती, त्यामुळे तुलना घरबसल्या झाली. चेहरा चौकटीत सारख्याच आकाराचा ठेवला तर शार्प दिसणारी खोली (डेप्थ) फोकल लेंथवर नव्हे, जवळजवळ सर्वस्वी एफ आकड्यावर अवलंबून असते. वरच्या उदाहरणातल्या चौकटीत ती एफ/१.८ वर तीनेक सेंटिमीटर आणि एफ/२.८ वर पाचेक सेंटिमीटर भरते. दूरच्या पार्श्वभूमीचे गणित मात्र निराळे आहे. खूप मागे असलेली झाडे किंवा दिवे किती पुसट होतील हे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते, आणि हा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ आकडा. ८५ मिमी एफ/१.८ साठी तो ४७ मिमी येतो, १०५ मिमी एफ/२.८ साठी साडेसदतीस मिमी आणि सगळ्यांच्या लाडक्या ५० मिमी एफ/१.८ साठी जेमतेम २८ मिमी. म्हणून मैदानात, समुद्रकिनारी किंवा मागे दरी असलेल्या कड्यावर ही मॅक्रो लेन्स ५० मिमीपेक्षा अधिक मऊ पार्श्वभूमी देते आणि ८५ मिमीच्या फार मागे राहत नाही. घराच्या आत, जिथे मागची भिंत चार फुटांवर असते, तिथे मात्र ८५ मिमी स्पष्टपणे सरस ठरते, आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये तिचा सव्वा स्टॉपचा, म्हणजे दुपटीहून अधिक प्रकाशाचा फायदा आयएसओमध्ये लगेच जाणवतो.

फोकसच्या वागण्याशी जुळवून घ्यायला मला दोनेक महिने लागले. कोणत्याही मॅक्रो लेन्सला अनंतापासून वीतभर अंतरापर्यंतचा प्रवास करायचा असतो आणि त्यातला बहुतेक भाग जवळच्या अंतरांसाठी राखलेला असतो. त्यामुळे अंधूक प्रकाशात एकदा निशाणा चुकला की फोकस थेट दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि तोवर बाळाने हसणे थांबवलेले असते. यावर उपाय लेन्सच्या बाजूलाच आहे: फोकस लिमिटरचा खटका अर्धा मीटर ते अनंत या बाजूला ठेवला की हा फेरा पुष्कळ कमी होतो. पोर्ट्रेट काढताना खटका तिकडे आणि मॅक्रो करताना ‘फुल’वर, ही सवय हाताला लागेपर्यंत मी निदान चार वेळा ‘लेन्स बिघडली’ असे मनाशी म्हटले आहे. पोर्ट्रेटसाठी आता मी एकच फोकस बिंदू जवळच्या डोळ्यावर ठेवतो, ॲपर्चर एफ/३.५ च्या आसपास घेतो आणि माणूस बोलत असेल तर कंटिन्युअस फोकस लावतो. दिवसाच्या उजेडात या पद्धतीने फार थोडे फोटो वाया जातात.

नवख्याला चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जवळ गेल्यावर एफ/२.८ कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नाहीसे होते आणि १:१ ला सर्वांत मोठे ॲपर्चर एफ/४.८ दिसते. हा दोष नव्हे. जवळ फोकस करताना सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश सगळ्याच मॅक्रो लेन्समध्ये घटतो. निकॉनचे कॅमेरे तो हिशेब प्रामाणिकपणे आकड्यात दाखवतात, इतकेच.

आंबोलीत या लेन्सचे खरे मोल कळले. १:१ ला विषय सेन्सरपासून ३१.४ सेंमीवर असतो. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की काचेपुढे साधारण १५ सेंमी उरतात. एवढ्या अंतरात फ्लॅशचा प्रकाश आत शिरू शकतो आणि पानावरचा किडा सावलीने बिचकत नाही, पण हूड लावलेला असेल तर त्यातले कित्येक सेंटिमीटर तोच खातो, म्हणून मॅक्रोच्या वेळी मी तो काढून ठेवतो. १:१ ला चौकटीत मावतो तो भाग सेन्सरएवढाच, म्हणजे ३६ बाय २४ मिमी. आणि प्रत्यक्षात मला एवढे जवळ जावे लागले ते फारच थोड्या वेळा. आंबोलीचा झुडपी बेडूक अर्ध्या आकारात उत्तम मावतो, मलबारी उडत्या बेडकाला तर तेवढेही लागत नाही. मलबारी चापडा या विषारी सापासाठी अर्थातच पंधरा सेंटिमीटरचा विचार कोणी करू नये. तो फोटो मी आदराने दीड मीटरवरून काढला आणि नंतर कापून घेतला.

कासच्या पठारावर उलटा अनुभव आला. तिथे ठरवून दिलेल्या वाटेवरूनच चालायचे असल्याने, आणि ते योग्यच असल्याने, फुलाच्या नाकाशी नाक भिडवणे शक्य नसते. तेरडा आणि सीतेची आसवे यांचे जे फोटो मिळाले ते लांबूनच, आणि तिथे ६० मिमी मॅक्रो असती तर हात हलवत परतावे लागले असते. वाटेच्या अगदी कडेला उगवलेल्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांसाठी मात्र पोटावर पालथे पडून १:१ गाठले. त्या केसांच्या टोकांवरचे थेंब एफ/१६ वर घेतले, आणि तरीही शार्प दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा होता. त्यापुढे ॲपर्चर आणखी बारीक केले तर डेप्थ थोडी वाढते, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ होऊ लागतो. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर एफ/१६ हीच मी स्वतःला घातलेली मर्यादा आहे.

या अंतरावर व्हीआरकडून, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या लेन्समधल्या व्यवस्थेकडून, फार अपेक्षा ठेवू नयेत. विषय जसजसा जवळ येतो तसतसा व्हीआरचा परिणाम कमी होत जातो. हात तिरपा होण्याने आलेली थरथर तो सावरतो, पण १:१ ला त्रास देते ती कॅमेरा आडवा-उभा सरकण्याची आणि मुख्यतः आपले शरीर पुढे-मागे डोलण्याची हालचाल. कॅननने २००९ च्या १०० मिमी एफ/२.८एल लेन्समध्ये सरकण्याची हालचालही सावरणारी व्यवस्था आणली. पुढे-मागे डोलण्यावर मात्र तिथेही इलाज नाही. मी मॅक्रोमध्ये फोकस हाताने ठरवून टाकतो, श्वास रोखून अंगच किंचित पुढे नेतो आणि डोळा शार्प दिसला की बटण दाबतो. उजेड फ्लॅशचा असतो. त्यावर घरी केलेला थर्माकोल व ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूझर लावतो. पोर्ट्रेटसाठी मात्र व्हीआर मनापासून आवडला. सहा फुटांवर बसलेल्या शांत माणसाचा फोटो सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या शटरवर हातात धरून काढता येतो, फक्त त्या माणसानेही हलू नये.

ज्या दिवशी दोन्ही कामे एकत्र आली तो दिवस भाचीच्या बारशाचा. सकाळी तिच्या मुठीचा आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या नखांचा फोटो, पाळणा हलत असताना आत्याचा चेहरा, आणि मग नऊवारीतल्या बहिणीची नथ, आधी चेहऱ्यासकट आणि मग केवळ मोती. लेन्स एकदाही बदलली नाही. गर्दीच्या हॉलमध्ये लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर अक्षता आणि हळद ओढवून घेणे, हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक असते. नथीच्याच फोटोंत एक उणीवही दिसली: एफ/२.८ वर चकाकणाऱ्या मोत्यांच्या कडांना, फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट, अशी झाक येते. मोठ्या ॲपर्चरच्या अनेक लेन्समध्ये ती असते, एफ/५.६ पर्यंत आल्यावर बरीच ओसरते आणि उरलेली संगणकावर काढता येते. पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला मात्र ती काढताना खऱ्या रंगालाही धक्का लागतो, त्यामुळे भर उन्हात पांढरे कपडे असतील तर मी ॲपर्चर एफ/४ पेक्षा मोठे करत नाही.

वजन सुमारे ७५० ग्रॅम आहे, जवळपास बॅटरीविना डी७५० इतकेच. दोन तासांच्या समारंभात मनगट ते सांगते. फोकस करताना लेन्सची लांबी बदलत नाही, ही चिखलात आणि गवतात फार सोयीची गोष्ट आहे. कॅमेऱ्यावर बसण्याच्या जागी रबरी गॅस्केट आहे, तरीही तिला पावसात भिजू देण्याचे धाडस मी केलेले नाही. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड एवढे पुरते. घरी आल्यावर ती रात्रभर पिशवीबाहेर ठेवतो आणि मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. माझ्या आधीच्या एका लेन्सला कोकणातल्या एकाच पावसाळ्यात बुरशी लागली होती, त्यामुळे वापरलेली लेन्स घेताना मी मोबाइलचा टॉर्च मागून आत टाकून सगळ्या काचा पाहिल्या आणि विकणाऱ्याने तोंड वाकडे केले तरी दहा मिनिटे पाहत राहिलो.

मिररलेस घेतलेल्यांसाठी निकॉनची नवी झेड एमसी १०५ मिमी २०२१ पासून उपलब्ध आहे आणि ती वजनानेही हलकी आहे. जुनी लेन्स एफटीझेड ॲडॉप्टरवर ऑटोफोकससह चालते, म्हणून केवळ कॅमेरा बदलला म्हणून ती विकण्याची घाई नको. ज्यांच्याकडे ८५ मिमी आधीच आहे आणि मॅक्रोची हौस वर्षातून दोनदाच होते, त्यांनी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, लावून पाहावी. ३६ मिमीची ट्यूब ८५ मिमीला अर्ध्या आकाराच्या आसपास नेते. ती लावलेली असताना दूरचा फोकस होत नाही, पण खर्च फारच कमी येतो.

माझ्या मावसभावाकडे फोकस मोटर नसलेला एपीएस-सी कॅमेरा आहे आणि घर वन रूम किचन. त्याला मी १०५ घेऊ दिली नाही. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी मालिकेतल्या मॅक्रो लेन्स त्याच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करणार नाहीत हे सांगून, एएफ-एस मायक्रो ६० मिमी घ्यायला लावली. तिने छातीपर्यंतचा फोटो त्याला १.६ मीटरवरून मिळतो, म्हणजे पलंगाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत. १:१ ला मात्र तिच्या काचेपुढे जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात आणि फुलपाखरे तेवढे चालवून घेत नाहीत. मुलीचे फोटो तो उत्तम काढतो. जुलै आला की माझी १०५ मागून नेतो.