आजीच्या डब्यातली नाणी: परदेशी न्यायची, पाठवायची की घरीच ठेवायची?

आमच्या वहिनी लंडनला लेकाकडं निघाल्या तेव्हा माळ्यावरनं कुंद्याचा (आपल्या बेळगावची दुधाची मिठाई) एक जुना पत्र्याचा डबा खाली आला, आत आजीची नाणी, चिंचेनं घासून लख्ख केलेली (घासू नका बाबांनो, घासलेल्या नाण्याला शौकीन माणूस निम्मी किंमत पण देत नाही). वहिनींचं म्हणणं, नातवाला द्यायची. भावाचं म्हणणं, पोस्टानं पाठवू. माझं म्हणणं कुणी विचारलंच नव्हतं, पण नाणी जमवायचा नाद मलाच हाय म्हणून शेवटी डबा माझ्यासमोर आला.

सगळ्यांना वाटतं प्रश्न किमतीचा आहे, म्हणजे चांदीचा रुपया असला तर अडवतील आणि तांब्याच्या पैशाला कोण विचारतंय. नेमकं उलटं आहे. भारतातनं बाहेर जाताना नाण्याचं वय आधी बघतात, किंमत नंतर. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा सांगतो की १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, आणि पुरावशेष देशाबाहेर न्यायचा हक्क फक्त केंद्र सरकारला नाहीतर सरकारनं नेमलेल्या संस्थेला. शिक्षा कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं, वर दंड, नाणं जातंय ते वेगळंच. म्हणजे बाजारात चहा-भज्याच्या पैशात मिळणारा १९१९ चा पाव आणा तुम्हाला गोत्यात आणू शकतो, आणि १९४५ चा चांदीचा रुपया खुशाल जातो. हे ऐकून वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की मीच कायदा केलाय.

सोपी खूण सांगतो, रुपया असला तर राजाची दाढी बघा. राणी व्हिक्टोरिया, दाढीवाला एडवर्ड, दाढीवाला पाचवा जॉर्ज, यांचे चांदीचे रुपये १९२२ पर्यंत पाडले, म्हणजे सगळे शंभरी ओलांडलेले, घरी ठेवायचे. त्यातच तो १९११ चा डुकराचा रुपया, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला म्हणून सरकारला तो मागं घ्यावा लागला, आमच्या डब्यात नव्हता, मी तीनदा बघितलं. बिनदाढीचा सहावा जॉर्ज १९३८ पासूनचा, तो जाऊ शकतो. फक्त ही खूण रुपयापुरतीच हं, कारण पाचव्या जॉर्जचे पैसे-आणे १९३६ पर्यंत येत राहिले, तिथं दाढी सोडा आणि साल वाचा. आणि ही रेषा दरवर्षी एक घर पुढं सरकते, २०२६ मध्ये १९२६ चं नाणं आत आलं, पुढच्या वर्षी १९२७ चं.

खरी पंचाईत शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासूनच्या तांब्याच्या नाण्याची. तिच्यावर बहुतेक सालच नसतं. आपल्या भागात घरोघरी दोन-चार शिवराया असतात, कुणाकडं आझमनगर गोकाक टांकसाळीचा रुपया पण असतो (आझमनगर म्हणजे आपलं बेळगावच), ही सगळी १०० वर्षांच्या कितीतरी पलीकडची, त्यांचा विचारच नको. साल नसलेलं नाणं "तेवढं जुनं नाही हो" असं तोंडी सांगून चालत नाही, शंका आली की कस्टमवाला ते पुरातत्त्व खात्याकडं पाठवतो आणि त्यांचा निर्णय शेवटचा. नाणं जुनं नाही असा दाखला आधीच खात्याकडनं घेता येतो, धारवाडला त्या खात्याचं (एएसआयचं) सर्कल ऑफिस आहे तिथं चौकशी करा, पण दोन-चार नाण्यांसाठी एवढा खटाटोप करायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी करणार नाही.

खानापूरकडच्या लोकांच्या डब्यात हमखास गोव्याची पोर्तुगीज नाणी निघतात. गंमत बघा, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत आपल्याला गोव्याला जायचं म्हणजे आंतरराष्ट्रीय बॉर्डर ओलांडायची होती, रेल्वे चालू होती तोवर कॅसलरॉकला कस्टमची तपासणी. आता तेच नाणं खिशात घालून चोर्ला घाटातनं खाली उतरा, कोण विचारत नाही, पण तिथनं मोप्याला विमानात बसून दुबईला निघालात की परत साल बघायला लागतंय. १९५८ चा एस्कुदो असला तर वयाचा प्रश्न नाही, १८८१-८२ ची रुपिया (पोर्तुगीजांचा रुपया) असली तर सरळ घरी ठेवा.

आता चालू नाणी. परकीय चलनाच्या कायद्यात, म्हणजे फेमात, 'करन्सी नोट्स' या शब्दात नाणी पण धरलेली आहेत, त्यामुळं माणशी २५,००० रुपयांच्या मर्यादेत चिल्लर पण आली. तेवढी चिल्लर कोण नेणार म्हणा, दहाची नाणी नेली तर १९ किलोच्या वर वजन होतंय. चिल्लरला कोण अडवत नाही, स्मारक नाण्यांचं मात्र वेगळं कलम आहे आणि ते कुणाला माहीत नसतं: प्रत्येकी दोनच. २०२३ चं नव्या संसदेचं ७५ रुपयांचं नाणं, ५० टक्के चांदीचं, त्याची दोन ठीक, पाहुण्यांना वाटायला दहा घेतली तर नियमात बसत नाही. आणि कलम शब्दशः लावलं तर १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं, २००६ चं बसवेश्वरांचं पाच रुपयाचं, ही बाजारात फिरलेली नाणी पण स्मारक नाणीच की. ती कुणी मोजत बसेल असं मला वाटत नाही, पण आठवण म्हणून मूठभर नेण्यापेक्षा दोन-दोनच घ्या.

राहिला भावाचा पोस्टाचा मुद्दा. तो लगेच निकालात काढतो कारण बऱ्याच जणांना पोस्ट म्हणजे चोरवाट वाटते. फेमात 'नेणे किंवा पाठवणे' असं दोन्ही लिहिलंय, आणि पुरावशेषाची निर्यात म्हणजे जमीन, समुद्र, हवा कुठल्याही मार्गानं बाहेर गेलेली वस्तू. जे बॅगेत चालत नाही ते पार्सलात पण चालत नाही. उलट जे चालतं ते सुद्धा साध्या पाकिटात घालायला आंतरराष्ट्रीय पोस्टाच्या नियमात मनाई आहे, सहसा विमा उतरवूनच पाठवायला लागतंय आणि तेही समोरचा देश घेत असला तरच. सोबत नेलं तर निदान उत्तर द्यायला तुम्ही तिथं उभे असता, पोस्टात कुणीच नसतं.

सोबत न्यायचं ठरलं तर केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये कधीच नको. पण एकत्र बांधू नका. मी एकदा शंभरेक नाणी रुमालात गुंडाळून नेली, सगळी नवी, एकात काही वावगं नाही, तर मशिनवर काळा गोळा दिसला आणि बॅग पार तळापर्यंत उपसली, मागं लाईन खोळंबली आणि बायकोनं मला ओळखच दाखवली नाही. प्लास्टिकच्या कप्प्यांच्या पानात लावून ट्रेमध्ये वेगळी ठेवली की दोन मिनिटांचं काम.

तिकडं उतरल्यावर चार नाण्यांचं कुणाला काही पडलेलं नसतं, तिकडचा प्रश्न रकमेचा. ब्रिटनमध्ये १०,००० पौंड किंवा जास्त असले तर, अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर, दुबईला ६०,००० दिरहमच्या वर डिक्लेअर करायचं. युरोपात मर्यादा १०,००० युरोची, पण तिथं एक मेख आहे, २०२१ पासून ९० टक्के किंवा जास्त सोनं असलेलं नाणं रोकड म्हणूनच धरतात. म्हणजे आपली गिनी, २२ कॅरेटची, त्यात आली. गिनीचं साल पण बघा, १९१८ साली मुंबईला पण गिन्या पाडल्या होत्या, त्या आता शंभरीच्या पुढं.

येताना उलटा हिशोब. परदेशी नाणी किती पण आणा, भारतात ठेवायला मर्यादा नाही, नोटांना आहे. पैसे बदलून देणारे नाणी घेत नाहीत म्हणून ती तिकडंच चहा-कॉफीत संपवलेली बरी. सोन्याचं नाणं आणायचं असलं तर मात्र लक्षात ठेवा, दागिन्यांची सवलत त्याला लागत नाही, ते फुकटच्या बॅगेज अलाउन्समध्ये पण धरत नाहीत, लाल चॅनलला जाऊन ड्युटी भरायची. बायका दागिने गळ्यात घालून येतात ते वेगळं, नाणं ते नाणं.

मग नातवाला द्यायचं काय? मी असतो तर तिकडंच एखादा जुना रुपया विकत घेतला असता. व्हिक्टोरियाचा रुपया लंडनमधल्या नाण्याच्या दुकानात, लिलावात सहज मिळतो, रीतसर पावतीसकट. वहिनींना हे पटलं नाही, "आजीचा हात लागलेला पाहिजे" म्हणाल्या, आणि त्यावर मला काय बोलता आलं नाही. म्हणून शेवटी सहाव्या जॉर्जचे तीन रुपये काढले, १९४४ चा एक आणि १९४५ चे दोन, वाघाचं चित्र असलेला १९४७ चा निकेलचा एक, संसदेचं एक. शिवराया आणि दाढीवाले राजे परत डब्यात, प्रत्येकाचा फोटो काढून नातवाला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि नावानं चिठ्ठी घालून ठेवली, इकडं आला की बघेल.

डबा रिकामा झाला असता तर वहिनी त्यात दोन किलो कुंदा भरून नेणार होत्या, पण दुधाचा पदार्थ ब्रिटन भारतातनं आणू देत नाही, त्यामुळं तो पण इथंच राहिला. तो आम्ही संपवला.