काखेतीतली द्राक्षकाढणी: तीन रात्रींच्या मुक्कामाबद्दल

जॉर्जियातल्या तेलावीजवळ एका शेतकऱ्याच्या घरी राहून निघाले तेव्हा माझी बोटं जांभळी झालेली होती. घरी येऊन आठ दिवस झाले, नखांच्या कडेला अजून तो रंग आहे. सापेरावी नावाच्या द्राक्षाचा. जॉर्जियन भाषेत ह्या नावाचा अर्थच रंग देणारी असा होतो. आपल्याकडच्या काळ्या द्राक्षाची साल काळी, पण गर पांढरट. हिचा गरसुद्धा लाल. मणी चिमटला की लालभडक रस मनगटापर्यंत ओघळतो. तीस वर्षं द्राक्षबागेत काढली, असा मणी पहिल्यांदा पाहिला.

आम्ही निफाडकडचे. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असताना बाग सोडून जायचं जिवावर आलं होतं, पण जॉर्जियातल्या काखेती भागात काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून साधारण महिनाभर चालते. तिला ते रत्वेली म्हणतात. ती बघायची तर तेव्हाच जायला हवं. आमचे हे, मी, धाकटे दीर आणि जाऊबाई असे चौघं निघालो.

आधी फसलो ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या दिवशी राजधानी तिबिलिसीहून बसची एकदिवसाची सहल घेतली होती. ‘द्राक्षकाढणीत सहभाग’ असं त्यात लिहिलेलं. प्रत्यक्षात एका मोठ्या अंगणात लाकडी टबात दोन क्रेट द्राक्षं ओतली, पाय धुवा, तुडवा, फोटो काढा, झालं. मागे दुसरी बस उभीच. ह्या रसाचं पुढे काय करता, असं दिरांनी विचारलं, तर बरोबरची मुलगी म्हणाली, टाकून देतो. माझा जीव कळवळला. एक घड उभा करायला किती हात लागतात ते आम्हाला माहीत आहे. शाकाहारी आहोत हे आधी कळवूनही ताटात मांसच आलं आणि आमचं जेवण पाव आणि काकडी-टोमॅटोवर भागलं. अशी सहल घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी गोम्बोरीच्या घाटानं तेलावीला गेलो, दोन तासांचा रस्ता. घाट उतरताना समोर अलाझानी नदीचं सपाट खोरं, त्यापलीकडे कॉकेशसची रांग, आणि मधे नजर पोचेल तिथवर द्राक्षं. मांडव कुठेच नाही. सरळ तारांवर बांधलेल्या, छातीएवढ्या वेली.

घर शेतकऱ्याचं. नवरा-बायको आमच्याच वयाचे, मुलगा इंग्रजी बोलणारा, आणि आजी. आजीला तिकडे बेबिया म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. स्वतःची दोन हेक्टर बाग आणि घराला लागून वाइनची खोली, म्हणजे मारानी. पाहुण्यांसाठी चार खोल्या. माणशी दिवसाला १४० लारी, त्यात राहणं आणि तिन्ही वेळचं खाणं. एका लारीला तीस-बत्तीस रुपये धरा.

सकाळी सात वाजता बागेत. दव होतं, पाय ओले झाले. मुलानं आधी मणी चिरडून साखर मोजली, आमच्यासारखाच रिफ्रॅक्टोमीटर. २३ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण २३ टक्के साखर. मग कात्र्या वाटल्या. मी सवयीनं घड देठाला धरून, मण्याला बोट न लावता, बादलीत एकेक अलगद मांडत होते. एक्स्पोर्टच्या मालाला बोटाचा डाग चालत नाही, हातालाच ती शिस्त बसलेली. बेबिया जवळ आली, माझ्या हातातला घड घेतला आणि बादलीत दाबून बसवला. वर आणखी दोन दाबले. मुलगा म्हणाला, आजी सांगते आहे की हा घड मिरवायचा नाही, ह्याचा रस काढायचा आहे. त्यानंतर माझा हात मोकळा सुटला. दुपारपर्यंत चौघांनी मिळून बावीस बादल्या काढल्या. पाहुणे म्हणून कुणी थांबवलं नाही, आणि कुणी फोटोसाठी उभंही केलं नाही. आमचा माल त्यांच्या मालातच पडत होता. मुक्काम आवडला तो ह्याच कारणानं.

सापेरावी संपल्यावर रकात्सितेली, पांढरी जात. नावाचा अर्थ लाल काडी. वेलीजवळ वाकून पाहिलं तर काडी खरंच तांबूस असते.

मारानीत एका अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली लांबलचक डोणी आहे, सात्सनाखेली. पांढरा माल तिच्यात ओतून पायानं तुडवतात. दीर आणि तो मुलगा तासभर तुडवत होते, भोवती गांधीलमाश्या घोंगावत होत्या, पण चावल्या नाहीत. रस भोकातून खाली येतो आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात जातो. ह्या रांजणाला क्वेवरी म्हणतात. बुडाशी निमुळता, अंड्यासारखा, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. रसामागून साल, बिया आणि देठसुद्धा आत. आमच्याकडे वाइनवाले देठ आधी वेगळे करतात, म्हणून मी दोनदा विचारून खात्री केली. काखेतीची रीतच अशी. ही क्वेवरीची पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर द्राक्षवाइनचे अंश मिळाले, ते आठ हजार वर्षांपूर्वीचे, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

एक क्वेवरी चार दिवसांपूर्वी भरलेली होती. तोंडाशी सालींचा जाड थर वर आलेला. मालकांनी लांब दांड्यानं तो खाली दाबला आणि मला कान लावायला सांगितलं. आतून सतत सरसर आवाज येत होता, कोरड्या पाचोळ्यावर बारीक पाऊस पडावा तसा. दिवसातून तीन-चार वेळा, रात्रीसुद्धा, हा थर दाबावा लागतो. मालक रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मारानीत जाताना मी खिडकीतून पाहिले. रात्री लाइट आल्यावर मोटार सुरू करायला आमचे हे उठतात, अगदी तसेच.

जेवणाच्या वेळी गप्पा निघाल्या गारपिटीच्या. तिथेही ती उभ्या बागा झोडपते. गारांचे ढग फोडायला २०१५ पासून सरकारनं रॉकेट बसवली आहेत, ती डोंगराकडे हात करून मालकांनी दाखवली. १९८५ साली गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत वेली उपटल्या गेल्या, ते बेबियानं सांगितलं. २००६ मध्ये रशियानं त्यांची वाइन घेणं बंद केलं, ते २०१३ पर्यंत. एकाच गिऱ्हाइकावर बसलेल्या शेतकऱ्याचं काय होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमचे हे बराच वेळ गप्प बसले.

खाण्याबद्दल शाकाहाऱ्यांनी निर्धास्त राहावं. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, राजम्यासारखं लोबिओ, चीजची खाचापुरी, आणि तंदूरसारख्या मातीच्या भट्टीच्या आतल्या बाजूला थापलेली होडीच्या आकाराची रोटी. मांस छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. आमच्यासाठी त्याच काड्यांवर वेगळी वांगी भाजली. आमच्या बांधावर ह्या काड्या नुसत्या जळून जातात. जाऊबाई चुर्चखेला करायला शिकल्या: दोऱ्यात ओवलेले अक्रोड, रस आणि पीठ आटवून केलेल्या दाट खळीत बुडवायचे आणि दांडीला टांगायचे.

आमचे हे माळकरी. वाइन घेत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या पेल्यात त्या सकाळचा ताजा रस आला, आणि रात्रभर कुणी आग्रह केला नाही. मालक तामादा झाले, म्हणजे पंगतीत एकेका गोष्टीचं नाव घेऊन पेला उचलायला लावणारे. गेलेल्या माणसांच्या नावानं पेला उचलला तेव्हा सासऱ्यांची आठवण निघाली, आमची बाग त्यांनीच लावलेली. मी अंबर रंगाची वाइन चाखली. कोऱ्या चहाचा तुरटपणा, मागून वाळलेल्या जर्दाळूची चव. पहिला घोट जड गेला, दुसऱ्या पेल्याला आवडली.

उणिवा आहेत. चार खोल्यांना दोनच न्हाणीघरं, आणि संध्याकाळी सगळे बागेतून आले की गरम पाणी तिसऱ्या माणसापर्यंत संपतं. जिना उभा आहे, गुडघेदुखी असेल तर खालची खोली मागा. कार्ड चालत नाही, लारी रोख न्या. सप्टेंबरअखेर रात्री गारठा पडतो, शाल हवी. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, काढणी थांबली; त्या दिवशी आम्ही अलावेर्दीचं अकराव्या शतकातलं चर्च पाहून आलो. तिथले साधूही क्वेवरीतच वाइन करतात. बायकांनी डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवावी. दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम करू नका, नाहीतर पावसात सगळंच हुकेल.

आम्ही तुडवलेली रकात्सितेली मारानीच्या दारापासून तिसऱ्या क्वेवरीत आहे. आंबवण संपलं की तोंडावर झाकण ठेवून मातीनं लिंपतील आणि वसंतात उघडतील. मालकांनी एप्रिल सांगितला. तेव्हा आमच्याकडे खरड छाटणी चालू असेल.