यूकेतलं २४ महिन्यांचं फोन कॉन्ट्रॅक्ट, १४ महिने वापरून मधेच तोडलं

फोनबद्दल फार काही लिहित नाही, कॅमेरा बॅटरी सगळं तुम्हाला माहितीच आहे आणि तो मस्तच चाललाय. लिहायचंय ते कॉन्ट्रॅक्टबद्दल, कारण परवा ३६१ पौंड भरले, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर, आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

गेल्या वर्षी मार्चमध्ये लेस्टरला आल्यावर चौथ्या दिवशी दुकानात जाऊन घेतलं, फोन आणि सिम मिळून महिना ३४ पौंड. आपल्याकडे सगळा जन्म प्रीपेडवर गेलेला, त्यामुळे 'कधीही कॅन्सल करता येतं' असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं ते मी सरळ खरं धरलं. येतं कॅन्सल करता, पण उरलेल्या महिन्यांचे पैसे भरून! आणि दुकानात बसून सही केली की ऑनलाइनवाल्यांना मन बदललं तर रद्द करायला मिळतात ते १४ दिवस कायद्याने मिळत नाहीत, हेही नंतर कळलं.

पण माझा खरा राग आहे तो १ पौंड ८० पेन्सवर. मार्चमध्ये सही केली आणि एप्रिलच्या बिलात ३५.८०! एकच महिना झाला होता हो. फोन केला तर म्हणे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, काढून बघितलं तर खरंच लिहिलेलं, दर एप्रिलला १.८०. जानेवारी २०२५ पासून ऑफकॉमने (म्हणजे इथली ट्राय) नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये 'महागाई अधिक इतके टक्के' असली वाढ बंद केली, आता किती वाढणार ते आधीच पौंड-पेन्समध्ये सांगावं लागतं. आणि आधी सांगितलेली वाढ असल्यामुळे त्या कारणावरून फुकटात बाहेर पडता येत नाही. या एप्रिलला परत वाढ, ३७.६०. बायकोने वहीत हिशोब मांडला: २४ महिन्यांचे ८७७ पौंड. तोच फोन रोख ४२९ ला होता, वर ३० दिवसांवालं नुसतं सिम महिना १० ने घेतलं असतं तर सगळे मिळून ६६९. दोनशेच्या वर पौंड उगाच गेले असते, आणि वर बांधून घेतलं ते वेगळंच.

मग ऑफिसने पुण्याला परत बोलावलं. कस्टमर केअरला पाऊण तास होल्डवर राहून सांगितलं की देश सोडतोय, तर त्या बाईंनी शांतपणे सांगितलं, देश सोडणं हे सूट द्यायचं कारण होत नाही. त्या दिवशी इथे एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

पण ऑफिसातल्या एका सीनियर ताईंनी सांगितलं, अरे फोन कशाला करतोस, ६५०७५ ला इंग्रजीत पीएसी एवढंच टाइप करून पाठव. पाठवला आणि मिनिटाच्या आत उत्तर, पोर्टिंगचा कोड, तो ३० दिवस चालेल, आणि आत्ता सोडलंत तर ३६१ पौंड पडतील. दहा महिन्यांचे ३७६ होत होते, त्यातून थोडे कमीच. कोणी थांबवायला बघितलं नाही, ऑफर गळ्यात मारली नाही. आपल्याकडे १९०० ला पोर्टचा मेसेज जातो तसंच, पण इथे किती पैसे लागणार तेही त्याच मेसेजमध्ये येतं, हे मला फार आवडलं. ही सोय जुलै २०१९ पासून आहे म्हणे. नुसती रक्कम बघायची असेल तर ८५०७५ ला इन्फो, आणि नंबर नको असेल तर ७५०७५ ला एसटीएसी. मला आधी माहीत असतं तर तो पाऊण तास वाचला असता, म्हणून एक स्टारचे तीन केले.

परत जाणाऱ्यांनी नंबर सोडू नका! इथल्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. मी कोड देऊन नंबर साध्या पे-ॲज-यू-गो, म्हणजे प्रीपेड सिमवर नेला, एका वर्किंग डेमध्ये झालं, जुनं कॉन्ट्रॅक्ट आपोआप बंद. बँकेतून आपोआप बिल कापणारं डायरेक्ट डेबिट मात्र लगेच रद्द करू नका, शेवटचं बिल त्यातूनच जातं, आणि थकलं तर क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं.

शेवटचं बिल आलं, बरोबर ३६१, एक पेनी जास्त नाही. नवीन सिमवर पुण्यात मेसेज यायला पैसे पडत नाहीत, फक्त सहा महिन्यांतून एकदा पैसे पडणारा एखादा कॉल किंवा मेसेज करावा लागतो नाहीतर नंबर जातो, त्याचं रिमाइंडर आजच लावलंय.