वडाळा ट्रक टर्मिनलजवळचं ब्रेकवालं गॅरेज, काम चोख पण बिल मागून घ्या

आमचा जुना एअर ब्रेकवाला ट्रक, हँडब्रेक ओढला तरी उतारावर हळूहळू सरकायचा, आधीच्या मेकॅनिकने न बघताच मागचे दोन्ही चेंबर (चाकाजवळचे ब्रेक लावणारे गोल डबे) बदला म्हणून सांगितलं होतं. इथल्या चाचांनी आधी चाकांना लाकडी ठोकळे लावले, पाइपच्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं, लीक कुठेच नाही, मग हेल्परला हँडब्रेक ओढायला लावून स्वतः खाली सरकले आणि पुशरॉड, म्हणजे चेंबरमधला दांडा, किती बाहेर येतो ते मला पण दाखवलं, भलताच लांब येत होता राव. चेंबर ठणठणीत, स्लॅक अ‍ॅडजस्टर (दांडा आणि ब्रेक जोडणारा, ढिलेपणा काढायचा लिव्हर) ढिला! हवा भरून, हँडब्रेक सोडून त्याचा बोल्ट लायनर (ब्रेकचा घासणारा थर) ड्रमला टेकेपर्यंत आवळला, मग थोडा मागे घेतला, बस्स.

बाकी स्प्रिंगवाला चेंबर रस्त्यावर कोणी खोलायला निघालं तर सरळ नाही म्हणा, आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जाऊ शकतो.

तक्रार एकच, पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत आणि पावसात गल्लीत पाणी भरतं, सकाळी लवकर गाडी लावा. चार स्टार.