फ्रेम लावायला ड्रिल की चिकटणारा हूक?

भाड्याच्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबांचा काचेच्या फ्रेममधला मोठा फोटो लावायचाय. भिंतीला भोक पाडू की चिकटणारा हूक आणू, असं मैत्रीण विचारत होती.

आधी भिंतीवरून हात फिरवून बघ. पांढरी पूड लागली तर तो बहुधा डिस्टेंपर, म्हणजे पूड सुटणारा स्वस्त रंग, किंवा चुना. चिकट हूक रंगाला धरतो, भिंतीला नाही. वजन पडलं की रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर त्याचा भरवसाच नको, पाकिटावर कितीही किलो लिहिलेले असोत. टाइल्स, काच, ऑइल पेंटवर मात्र छान बसतो.

ड्रिलने धूळ उडते, आवाज होतो, घरमालकाला विचारावं लागतं. पण ६ मिमीचं भोक, त्यात गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग), मग स्क्रू, की वर्षानुवर्षं बघायला नको. गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये न राहता विटेत गेली पाहिजे. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली भोक नको, तिथून सहसा वायर जाते. घर सोडताना भोक पुट्टीने बुजतं. ड्रिल शेजारून मिळालं, तर खर्चही किरकोळ.

काचेची जड फ्रेम, त्यातून पलंगाच्या वर, म्हणजे ड्रिलच. मुलांची चित्रं, हलक्या फ्रेम, सारखी बदलणारी मांडणी असेल तर चिकट हूक घे.